भुऱ्याचा उंबरठा

एका राज्यात उन्हाळा आला, तो गेलाच नाही. आंबे संपले, ओढे आटले, पोपटांनी बोलणे सोडले, तरी ऊन काही हलेना.

का हलेना, ते सगळ्यांना ठाऊक होते. राजा वीरभानूने धगाई चेटकिणीच्या डोंगरावरून सूर्यमणी उचलून आणला होता. विचारून नव्हे, नुसता उचलून. धगाई त्याच्यामागे धावली नाही. डोंगरावर बसल्या बसल्या म्हणाली, "मणी ज्या राज्यात, उन्हाळा त्या राज्यात. आणि जो कोणी मण्याची राखण करील, त्याचा जीव तो मणी घोट घोट पिईल."

राजा हसला. मणी खजिन्यात ठेवला आणि खजिन्याच्या दगडी उंबरठ्यावर आपला कुत्रा बसवला. भुऱ्या त्याचे नाव. बर्फाच्या मुलखातून आलेला, अंगावर केस इतके दाट की राजकन्या मेदिनी लहानपणी त्यात नाक खुपसून झोपायची. राजाने त्याच्या कानामागे खाजवले आणि म्हटले, "भुऱ्या, इथे बस. इथून उठायचं नाही."

भुऱ्या बसला.

आता त्या राज्याची एक रीत होती. राजाच्या तोंडून निघालेली आज्ञा मागे घेतली जात नसे. राजाच्या पणजोबांचे पागोटे एकदा विहिरीत पडले, तेव्हा ते रागाने म्हणाले होते, "या विहिरीचं पाणी कुणी पिऊ नये!" ती गोड्या पाण्याची विहीर तेव्हापासून काठोकाठ भरलेली होती आणि तिला कोणी दोर लावत नव्हते.

मणी तापत गेला. उंबरठा तापत गेला. भुऱ्या धापा टाकू लागला. पण उठला नाही.

सगळ्यांचा त्याच्यावर फार जीव, म्हणून सगळे त्याला जपू लागले. खजिनदाराने ऊन लागू नये म्हणून त्याला जरीची झूल घातली. आचाऱ्याने भर दुपारी तुपातले मटण धाडले. पाणी दिले ते सोन्याच्या घंगाळात, आणि ते उन्हात असे कढत होई की त्यात अंडे उकडावे. राजा स्वतः रोज यायचा, भुऱ्याची मान थोपटायचा, आणि डोळे पुसत परत जायचा.

"त्याला उठवा ना," मेदिनी म्हणाली.

"राजकन्ये, आज्ञा दिली गेली आहे," राजा म्हणाला.

मेदिनी तशीच धगाईच्या डोंगरावर गेली.

धगाई दारात तांदूळ निवडत बसली होती. "माई, तुमचा मणी परत घ्या," मेदिनी म्हणाली.

"घेईन. तीन कामं कर. खालच्या माळावरच्या टिटवीला आज माहेरी जायचंय. दिवस मावळेपर्यंत तिची अंडी सांभाळ. तापू द्यायची नाहीत."

मेदिनीला काम सोपे वाटले. तिने धगाईच्या गुहेतून ओंजळभर बर्फ आणला आणि अंड्यांवर ठेवायला वाकली. टिटवी किंचाळत आली.

"अगं ए मुली! लेकरं मारतेस की काय?"

"थंड करते आहे."

"ही थंड करायची तऱ्हा? तापलेल्या जिवावर एकदम बर्फ घातला की तो आतल्या आत आखडतो. राजवाड्यात हेच शिकवतात वाटतं?"

टिटवी आटलेल्या ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यावर गेली, पोटाची पिसे साध्या पाण्यात भिजवून आली आणि अंड्यांवर पंख पसरून उभी राहिली. "पोट ओलं हवं. वर सावली हवी. आणि वारा अडवायचा नाही. एवढंच. आता मी जाते, माझी आई वाट बघत असेल."

मेदिनीने आपला शेला काठ्यांवर ताणून सावली केली. ओल्या हातांनी अंड्यांवर पाणी शिंपडत राहिली. टिटवी परत आली तेव्हा अंड्यांच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती.

"आता माझं अंगण अनवाणी ओलांड," धगाई म्हणाली.

अंगण काळ्या फरशीचे, आणि दुसऱ्या दिवसाची दुपार. तिथे पाय भाजलेल्या राजपुत्रांच्या मोजड्या ओळीने पडल्या होत्या. मेदिनीने वाकून आधी तळहात फरशीवर टेकवला. लगेच उचलला. मग ती कडुनिंबाखाली जाऊन बसली, टिटवीशी गप्पा मारत. उन्हे उतरली, फरशी निवली, पुन्हा तळहात ठेवून तिने खात्री केली आणि सावकाश चालत पलीकडे गेली.

"धावली नाहीस?" धगाईने विचारले.

"दुपारीच ओलांड असं तुम्ही कुठे म्हणाला होतात?"

धगाई पहिल्यांदा हसली. "तिसरं काम घरी जाऊन कर. तुझ्या बापाला त्याचा शब्द मागे घ्यायला लाव. मणी मी तेव्हाच घेईन."

मेदिनी धावत निघाली. पिल्ले नवऱ्याच्या हवाली करून टिटवीही निघाली. "बापाला समजवायला तुला कुणीतरी कर्कश बाई लागेल," ती म्हणाली.

मेदिनी वाड्यात पोहोचली तर भुऱ्या कुशीवर पडलेला. जीभ बाहेर, जांभळट झालेली. तोंडाला चिकट लाळ. श्वास लोहाराच्या भात्यासारखा. राजवैद्य बर्फाची घमेली घेऊन उभे, शेजारी न्हावी वस्तरा परजत, आणि मागे राजा डोळे पुसत.

"बर्फ मागे घ्या! काका, वस्तरा ठेवा खाली. ते केस त्याचं छप्पर आहे, ऊनही तेच अडवतं. आणि ही झूल कुणी घातली?"

"मी," खजिनदार म्हणाला. "प्रेमानं घातली, बाईसाहेब."

"ठाऊक आहे मला, काका. आता प्रेमानंच काढा."

झूल उतरली. मेदिनीने माठातले साधे पाणी भुऱ्याच्या पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, पंज्यांवर ओतले. दासींना लांबून पंखे हलवायला लावले. मातीच्या परळात पाणी दिले, घोटभर, मग थांबून घोटभर. भुऱ्याने डोळे उघडले. शेपूट एकदा जमिनीवर आपटली. पण खालचा दगड निखारा होता, आणि भुऱ्या त्यावरून हलेना. चार जण उचलू गेले, तर त्याने अंग जड केले. त्याला बस म्हटले होते.

"तो हलेल तरी कसा?" टिटवी कमानीवरून ओरडली. "त्याचा देव इथं उभा आहे ना, तोंड मिटून!"

राजाचा चेहरा पडला. "मेदिनी, माझा शब्द मोडला तर राज्य मोडेल."

"महाराज, एकच विनंती. उंबरठ्यावर तळहात ठेवा. भालदार तुमची बिरुदं म्हणेल. तो थांबेपर्यंत हात उचलू नका."

राजाने हात टेकवला. भालदाराने सूर लावला, "प्रौढप्रतापी, शत्रुकाळ..." तेवढ्यात राजाने हात झटक्याने ओढून घेतला. पुढची सगळी बिरुदे भालदाराच्या तोंडातच राहिली.

राजा आपल्या लाल तळहाताकडे पाहत राहिला. मग त्याने भुऱ्याचा पंजा हातात घेतला. पंज्याखालची गादी सोललेली होती. तरी भुऱ्याने मान पुढे केली आणि राजाचा भाजलेला हात चाटला.

"बाबा," मेदिनी हळूच म्हणाली.

राजा खाली बसला, त्या निखाऱ्याजवळ, मुकुट काढून. "भुऱ्या, मी चुकीचं बोललो," तो म्हणाला. "माझा शब्द मी मागे घेतो. ऊठ, बाळा. चल."

भुऱ्या उठला. पाय थरथरत होते, पण शेपूट हलत होती. एक एक पाऊल टाकत तो उंबरठ्यावरून उतरला आणि त्याने राजाच्या मांडीवर अंग टाकून दिले.

खजिन्यात काहीतरी टचकन वाजले. दार उघडले तर मणी नव्हता. त्याच्या जागी तांदळाचे दोन दाणे होते, निवडून बाजूला ठेवल्यासारखे. उंबरठा निवला. डोंगराकडून वारा आला, आणि वाड्यातले पोपट सगळे एकदम बोलू लागले.

"मागे घेता येतो तर," राजा म्हणाला. राज्य काही मोडले नव्हते. मग त्याने पणजोबांच्या विहिरीला दोर लावला आणि पहिली घागर स्वतः ओढली.

तेव्हापासून त्या राज्यात दारोदारी सावलीत मातीची डोणी असते, विहिरीच्या पाण्याने भरलेली. कुत्र्याला फिरवायचे ते उन्हे चढण्याआधी, नाहीतर कलल्यावर. आणि बाहेर पडताना माणसे वाकून रस्त्यावर तळहात टेकवतात, राजाची बिरुदे पुटपुटतात. शेवटच्या बिरुदापर्यंत हात टिकला तरच कुत्र्याला हाक मारतात.

भुऱ्या म्हातारा होईपर्यंत जगला. दुपारी तो राजाच्या सिंहासनाखाली झोपायचा, गार फरशीला पोट लावून. भर दरबारात घोरायचा. कोणी त्याला उठवत नसे.

भुऱ्याला जसा गारवा लाभला, तसा तुमच्या-माझ्या दारातल्या मुक्या जिवांना लाभो.