पोपटाची मागची बाजू

एकदा एका शिष्याचे अध्ययनात मुळी लक्षच लागेना. मार्तंड त्याचे नाव. घरी पत्नी केसरचे दिवस भरत आले होते, आणि बाळाचे लंगोट आपल्याच हातांनी शिवायचे असा त्याने ध्यास घेतला होता. बोटांत सुया टोचल्या, तरी उत्साह ओसरला नाही. अखेर एके सकाळी लंगोटांची चळत छातीशी धरून तो धावतच वृद्ध गुरूंपुढे आला.

"गुरुजी, बघा तरी! एकेकावर दोऱ्याने पोपट भरलाय! लंगोट धुवायचा, वाळवायचा, पुन्हा नेसवायचा. बाळ चालू लागेपर्यंत चिंता नको!"

गुरूंनी एक लंगोट उचलला, कौतुकाने न्याहाळला आणि शिष्याच्याच गळ्याभोवती घट्ट बांधला. "जा, बागेला पाणी घालून ये. सोडायचा मात्र नाही हं."

मार्तंड चक्रावला. पण गुरूंची आज्ञा! कळशा वाहता वाहता घाम फुटला, कापड भिजले आणि मान चुरचुरू लागली. पोपटामागच्या दोऱ्याच्या गाठी, शिवणीची जाड कड, कोऱ्या कापडाची खळ, सारेच बोचू लागले. परतला तेव्हा मान लालभडक झाली होती.

"सोड आता," गुरू म्हणाले. "मार्तंडा, पोपट सुरेखच आहे. पण तो पाहणार कोण? तू, मी, शेजारीपाजारी. बाळाच्या वाट्याला आल्या गाठी. त्याला सांगताही येणार नाही. ते रडेल, आणि तुम्ही म्हणाल, भूक लागली असेल. बाबा रे, प्रेमालाही सुलट-उलट असते. सुलट बाजू ज्याच्यावर प्रेम करायचे त्याच्या अंगाकडे हवी."

मार्तंडाचा चेहरा क्षणभर उतरला, आणि लगेच उजळला. "गुरुजी, अजून वेळ आहे! निघतो मी!"

घरी येताच त्याने केसरकडून तिचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे मागून घेतले. दोघांनी मिळून ते फाडले आणि दोघेही हसत हसत शिवायला बसली. शिवण सगळी बाहेरून, आत नुसता मऊपणा. शेवटचा टाका पडतो न पडतो तोच केसरला कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. बारशाला जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "अगंबाई, बापाने लंगोट उलटेच शिवलेत की!"

मार्तंड समजावून सांगायला निघाला होता. पण लेक मांडीवर गाढ झोपली होती.

"हो, उलटेच," तो हळूच म्हणाला, आणि तिच्या अंगावरचे दुपटे सारखे करू लागला.