घडीच्या सायकलची पावती

वाळिंबे बाई रेल्वेच्या ज्या छोट्या हॉल्टवर उतरायच्या, तिथून त्यांची शाळा चार किलोमीटर. म्हणून त्यांनी घडीची सायकल घेतली आणि डोक्याला ताप करून घेतला. पॅसेंजरमधले टीसी भोसेकर रोज तेच तुणतुणं वाजवायचे, "सायकल पार्सलच्या डब्यात टाका!"

"अहो, तो डबा आमच्या हॉल्टवर उघडतच नाही," बाई रोज सांगायच्या. भिंतीला सांगितल्यासारखं.

एके दिवशी भोसेकरांनी दंडाचं पुस्तकच काढलं. बाईंचा पारा चढला.

"भरते दंड. पण ही सायकल आहे ना? मग आधी हिच्यावर बसून दाखवा."

"त्यात काय मोठंसं!" भोसेकरांनी सायकलची पिशवी सोडली. हँडल पिरगाळलं, चाक ओढलं, बोट चिमटून घेतलं. दोन स्टेशनं गेली, पण घडी काही उलगडेना. सगळा डबा खिदळत होता.

हॉल्ट आला. बाईंनी सायकल काखेत मारली. "बसता येत नाही ना? मग हे सामानच."

गाडी हलली. तेवढ्यात चुटकीसरशी घडी उलगडून, रुळांलगतच्या रस्त्यावरून घंटी वाजवत बाई सायकलवरून खिडकीशी आल्या.

"भोसेकर, ही बघा सायकल! फाडा आता पावती!"