पाय धर

“पण डोक्यात कशाला बघायचं?”

हेमलताबाईंनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा त्यात शंका होती, आता राग होता.

डॉक्टर मांडवकर वयाने लहान, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा सांगितलं. उजव्या फुप्फुसातली गाठ कॅन्सरची आहे. ऑपरेशन करून ती काढता येईल असं आज तरी दिसतंय. पण हा आजार रक्तावाटे मेंदूत जाऊ शकतो, आणि गेला तरी कधीकधी तिथे गुपचूप बसून राहतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काही म्हणता काही कळत नाही. म्हणून छाती उघडण्याआधी मेंदूचा एमआरआय करून घ्यायचा.

“आणि तिथे काही निघालं तर?”

“तर उपचाराची वाट बदलते. म्हणूनच आधी बघायचं.”

“काही निघायचं नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. “या कोण आहेत ते तुम्हाला ठाऊक नाही.”

ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्या शेजारच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. आर्या मेत्तिका. वय अडुसष्ट. पवनीजवळच्या एका लहानशा विहारातल्या भिक्खुनी. पोरवयात आईशेजारी बसून त्यांनी विड्या वळल्या होत्या. पुढे चीवर घेतलं, आणि तीस वर्षं लोकांना एकच गोष्ट शिकवली... आत येणारा श्वास बघा, बाहेर जाणारा श्वास बघा.

आणि हेमलता खोब्रागडे त्यांच्या चौदा वर्षांपासूनच्या शिष्या. निवृत्त मुख्याध्यापिका. शिबिरात नवं माणूस आलं की त्याला बाजूला घेऊन त्या हमखास सांगायच्या, “आमच्या आर्याजींनी भीती जिंकली आहे. मरणाचीसुद्धा.” सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की जिंकणाऱ्या त्याच असाव्यात.

“यंत्रात किती वेळ राहायचं?” आर्याजींनी विचारलं. इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

“अर्धा-पाऊण तास. आवाज फार होतो. आणि डोकं अजिबात हलवायचं नाही.”

“अहो, त्या सहा-सहा तास हलत नाहीत,” हेमलताबाई हसल्या. “अर्धा तास म्हणजे त्यांना काहीच नाही.”

डॉक्टरांनी आर्याजींकडे पाहिलं.

आर्याजी जमिनीकडे बघत होत्या...

“करू या,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर लागला. खोली गारठलेली होती. यंत्र चालवणारा वैद्य नावाचा मध्यमवयीन माणूस होता. त्याने आर्याजींना फळीवर निजवलं, कानांत बोळे घातले, हातात एक रबरी फुगा दिला. “आजी, काही वाटलं तर हा दाबायचा.” मग त्यांच्या चेहऱ्यावर जाळीदार पिंजरा बसवला आणि फळी आत सरकवली.

हेमलताबाई बाहेर काचेपाशी उभ्या राहिल्या. शेजारच्या बाकावर एका पेशंटची बहीण बसली होती. तिला त्या म्हणाल्या, “बघा आता. दगडासारख्या राहतील.”

यंत्र सुरू झालं. धड् धड् धड्...

एक मिनिटसुद्धा झालं नसेल. फुगा दाबला गेला.

फळी बाहेर आली. वैद्य धावला, त्याच्यामागे हेमलताबाई दारापर्यंत गेल्या.

“काय झालं आजी? घाबरल्या का?”

“घाबरायच्या नाहीत त्या,” हेमलताबाई दारातूनच म्हणाल्या. “खोकल्याची उबळ आली असेल.”

आर्याजी उठून बसल्या होत्या. कपाळावर घाम होता, त्या गारठ्यात.

“भेव वाटते, माय,” त्या म्हणाल्या.

हेमलताबाई जागच्या जागी थांबल्या. चौदा वर्षांत हा शब्द त्यांनी आर्याजींच्या तोंडून ऐकला नव्हता. प्रवचनात त्या ‘भय’ म्हणायच्या, पालीतून अर्थ फोडून सांगायच्या. हे ‘भेव’ विड्या वळणाऱ्या पोरीचं होतं.

वैद्याने त्यांना दाराबाहेरच्या खुर्चीत आणून बसवलं आणि पाण्याचा पेला दिला. “होतं असं. पुष्कळांना होतं. आज राहू द्यायचं का?”

हेमलताबाईंना वाटलं, बाकावरच्या त्या बाईने हे ऐकू नये. त्यांनी वाकून, आवाज अगदी खाली आणून म्हटलं, “आर्याजी... श्वासाकडे बघा ना. आत येणारा... बाहेर जाणारा...”

“बघितलं,” आर्याजी म्हणाल्या. “पुरत नाही गं तो.”

शिबिरात लोक अडखळले की पुढे काय सांगायचं, ते हेमलताबाई आर्याजींनाच विचारायच्या.

“मग... मी काय करू?”

“पाय धर.”

हेमलताबाईंचे डोळे भरून आले. या घटकेलाही गुरू वंदन मागतायत, म्हणजे यात काही तरी गूढ असणार. त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या, हात जोडले, कपाळ टेकवायला खाली वाकल्या.

“तसे नाही,” आर्याजी म्हणाल्या. “हातांनी धर. आणि सोडू नको.”

वैद्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, “बसा आत. पण अंगावर धातूचं काही चालणार नाही.”

हेमलताबाईंनी घड्याळ काढलं. बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, केसांतले आकडे काढले. पदराची पिन राहिली होती, तीही काढली. छातीत मशीन, हाडात धातूची पट्टी, काही बसवलंय का, असे चार प्रश्न वैद्याने विचारले आणि त्यांच्याही कानांत बोळे घातले. केस मोकळे सुटलेले, पदर कमरेला खोचलेला... शाळेतल्या कुणी त्यांना ओळखलं नसतं.

आर्याजी पुन्हा निजल्या आणि फळी आत गेली. बाहेर राहिले ते गुडघ्यांपासूनचे पाय. हेमलताबाईंनी ते दोन्ही हातांनी धरले.

पाय थंड होते. टाचांना भेगा होत्या. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. चौदा वर्षं या पायांपुढे त्या वाकत आल्या होत्या, आणि हे नख त्यांनी पाहिलं नव्हतं.

यंत्र धडधडू लागलं. आधी हातोड्यासारखं, मग सायरनसारखं, मग दोन्ही एकदम. बोळ्यांतूनही ते छातीत घुसत होतं. आपण श्वास बघावा असं हेमलताबाईंच्या मनात आलं. श्वास सापडेना. पळून जावं, दार उघडावं असं वाटत होतं... दिवसाढवळ्या, साठी उलटलेल्या बाईला.

पाय मात्र धरलेले होते. ते सोडता येत नव्हते.

मध्ये एकदा वैद्य येऊन, चित्र स्पष्ट उमटावं म्हणून आर्याजींना शिरेतून औषध देऊन गेला. पुन्हा धडधड. कितीतरी वेळ गेला. मग त्यांच्या तळहातात आर्याजींचा अंगठा हलला. हळूच, दोनदा. रडणाऱ्या पोराला थोपटावं, तसा.

बाहेर आल्यावर दोघी रिक्षा मिळेपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“आर्याजी, तुम्हाला भीती वाटते हे... कधी सांगितलं नाहीत.”

“तू विचारलंस कधी? तू तर सगळ्यांना सांगत होतीस.”

हेमलताबाईंनी मान खाली घातली. आर्याजींनी त्यांचे सुटलेले केस गोळा केले आणि बोटांनी विंचरत सैलसर गाठ मारून दिली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर मांडवकरांनी पडद्यावरचं चित्र दोघींकडे वळवलं. मेंदूच्या मागच्या बाजूला डावीकडे एक पांढरा ठिपका होता. मसुराच्या डाळीएवढा.

“गेलाय तिथे,” डॉक्टर म्हणाल्या. “एकच आहे आणि लहान आहे. फुप्फुसाचं ऑपरेशन आत्ता थांबवू. आधी या ठिपक्याला नेमकं रेडिएशन देऊ. गाठीच्या तुकड्याच्या पुढच्या तपासणीचा रिपोर्ट आला की त्यावरून औषध ठरवू. न बघता छाती उघडली असती, तर हा मागे वाढत राहिला असता.”

“बरा होईल?” हेमलताबाईंनी विचारलं.

“हा ठिपका विझवता येईल अशी आशा आहे. आजाराचं... मी आज खोटं सांगणार नाही.”

आर्याजी त्या ठिपक्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, “तुम्ही नीट बघितलंत. बरं झालं.”

रेडिएशनचा दिवस ठरला. त्याआधी डोक्याच्या मापाचा मुखवटा करायचा होता. तो चेहऱ्यावर घट्ट बसवतात आणि फळीला अडकवतात, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. डॉक्टर हे सांगत होत्या तेव्हा हेमलताबाईंनी हातातल्या बांगड्या काढायला सुरुवात केलीसुद्धा.

“नाही मॅडम,” डॉक्टर म्हणाल्या. “रेडिएशनच्या खोलीत कुणालाच थांबता येत नाही. आम्हीही बाहेर जातो. त्या एकट्याच आत असतील.”

अर्धी निघालेली बांगडी हेमलताबाईंच्या हातातच राहिली.

डॉक्टर कागद आणायला गेल्या. खोलीत दोघीच उरल्या.

“आर्याजी, माझ्याने बाहेर बसवणार नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी आवाज खाली आणला नाही. “मला भीती वाटते. फार भीती वाटते. कुणाला सांगितलं नाही मी कधी... तुम्ही आत एकट्या, पाय धरायला कुणी नाही... मी बाहेर बसून काय करू?”

आर्याजींनी ती बांगडी त्यांच्या मनगटावर परत चढवली. त्यांचा हात आपल्या हातात घेतला.



“तू बाहेर घाबर,” आर्याजी म्हणाल्या. “मी आत घाबरते.”