हासूबायची खांड

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा खाडीकाठी ना धक्का होता ना रस्ता. भरतीपासून गाव राखायला एक जुना मातीचा बांध होता, तेवढाच. आत भात, बाहेर खारं पाणी. त्या गावात पोशा आणि हासूबाय हे जोडपं राहायचं. वाटणीत त्यांच्या हाती काहीच लागलं नाही, म्हणून त्यांनी जुन्या बांधाबाहेर, थेट खाडीच्या पोटात, दुसरा बांध घातला आणि पाण्याकडून शेत हिसकून घेतलं. जुनी माणसं नको म्हणाली होती. पण तरुणपणी कोण कुणाचं ऐकतं? तुम्ही ऐकता का?

शेत पिकलं. आणि मग एका उधाणाला बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड झालं. पोशा फावडं घेऊन खांडीत उतरला. तो माती ओढत असतानाच वरचा बांध ढासळला आणि पोशा फावड्यासकट आत गेला. ओहोटीला गावाने सगळा चिखल उपसला, पण त्याचं नखही सापडलं नाही.

हासूबायने डोळे पुसले नि पदर खोचला. म्हणाली, "माझा माणूस या बांधात हाय. हा बांध मी पडू देणार नाय." दरवर्षी उधाण तिथंच खांड पाडायचं आणि दरवर्षी हासूबाय ती बुजवायची. मिठाने तिच्या हातांची सालं निघाली. पोरबाळ नव्हतं, त्या बांधालाच ती जीव लावून बसली. नव्या सुनांना गावातल्या सासवा सांगायच्या, चिकाटी बघावी तर हासूबायची.

मग बांधातून आवाज येऊ लागला. हसू नका, ऐका नीट. अमावस्या-पुनवेला भरती चढली की मातीच्या आतून फावडं चालल्याचा आवाज यायचा, असं म्हणतात. गुराखी ती वाट सोडून लांबून जायला लागले. कुत्री बांधावर पाय ठेवीनात. हासूबायला मात्र त्या आवाजाने धीर यायचा. तिला वाटायचं, आपला माणूस आतून माती लावतोय, तर आपण बाहेरून लावावी. आवाज वाढला की ती आणखी टोपल्या टाकायची.

असा वाढत वाढत तिचा बांध गावच्या बांधाहून उंच झाला. त्या वर्षी पिठोरी अमावस्येला भर दुपारी अंधारून आलं आणि खाडी फुगली. पाणी हासूबायच्या बांधावर आदळलं. तिथं वाट मिळेना, तेव्हा ते वळलं आणि गावच्या जुन्या बांधावर चढू लागलं. हासूबाय आपल्या बांधावरच उभी होती. तिचा दीर काथोड चिखलातून धावत तिच्याकडे आला.

"वयनी, जुना बांध पाझरतोय. पोरं माळ्यावर चढवलीत. पाण्याला पसरायला जागाच नाय उरली."

हातातलं फावडं त्याने तिच्या बांधाकडे दाखवलं. तिला ते कळलं.

"नाय फोडणार," ती म्हणाली. "माझ्या माणसाच्या अंगावर फावडं घालू का मी?"

असं म्हणून ती बांधावर पालथी पडली आणि तिने मातीला कान लावला. आत आवाज चालूच होता. खच्. खच्. हासूबायच्या अंगावर सरसरून काटा आला. जन्म चिखलात गेलेली बाई ती. लावलेली माती धप् वाजते, आणि कापलेली वाजते खच्. आवाज पहिल्यापासून हाच होता, तिने तो आपल्याला हवा तसा ऐकला होता. पोशा बांध घालत नव्हता. तो आतून बांध तोडत होता.

मातीला तोंड लावून तिने विचारलं, "इतकी वर्षं मी तुमाला कोंडून ठेवलं का हो?"

आतून उत्तर आलं, खच्.

तेव्हा ती उठली. काथोडच्या हातातलं फावडं तिने ओढून घेतलं. तो पुढे झाला तसं तिने त्याला मागे लोटलं. "शेत माझं, माणूस माझा. तू घरी जा." वरून ती तोडू लागली, आतून तो. बघता बघता बांध उघडला, पाणी तिच्या लोंबी धरायला आलेल्या भातात शिरलं, पसरलं, आणि तिकडे गावच्या बांधावरचं पाणी उतरलं. खांडीच्या तोंडातून एक गंजलेलं फावडं, लोखंडाचं असून तरंगत वर आलं आणि तिच्या पायाशी लागलं, असं म्हणतात. त्यानंतर आवाज आला नाही. हासूबाय पुढे काथोडच्या घरी म्हातारी होऊन गेली, पण त्या खांडीत तिने मातीचं ढेकूळसुद्धा टाकलं नाही.

आज तिथं तिवरांचं रान आहे, चिंबोऱ्या आहेत. दरवर्षी गाव बांधाची डागडुजी करतं, तेव्हा शेवटची टोपली बांधावर पडत नाही. ती खाडीत सोडतात, हासूबायच्या नावाने. आणि काम सुरू व्हायच्या आधी गावातली सगळ्यात जुनी बाई बांधाला कान लावते. तोवर कुणी खोकतही नाही. ती मान हलवते, "काय नाय," म्हणते, मग टोपल्या उचलतात. खच् अजून कुणी ऐकलेलं नाही. पण ज्याचं शेत बांधाला सगळ्यात जवळ आहे, तो त्या दिवशी घरून निघताना आपल्या फावड्याला धार लावून निघतो.