अध्यक्षबाईंचा सत्कार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी बरोबर सव्वासात वाजता प्राण्यांनी तळं आणि ओढा राखायला मंडळ काढलं. पगार कुणालाच नव्हता, म्हणून पदं सगळ्यांना हवी होती. चांदरी म्हैस अध्यक्ष झाली आणि बगळा चिटणीस.

चांदरीने लगेच काम सुरू केलं. तळ्यातून ओढा निघतो त्या अरुंद तोंडातच ती ऐसपैस बसली. "बघतेच आता, ओढ्याला कोण हात लावतं ते."

दुपारपर्यंत खाली ओढा आटला. उरलेल्या डबक्यात बेडकीची पिल्लं तडफडायला लागली. बेडकी धापा टाकत वर आली. "चांदरीताई, तुम्ही बसलात तिथंच पाणी अडलंय. जरा उठता का?"

"मी उठले तर राखण कोण करणार? तुझा नवरा?"

"पाणी चोरीला गेलंय, बाई," बगळा म्हणाला. "शोध चालू आहे."

बेडकीला रडू येत होतं. ते गिळून ती म्हणाली, "राहू द्या. आम्ही ताईंचा सत्कार ठेवलाय. पण सत्कार बसून कसा घेणार?"

चांदरी ताडकन उभी राहिली. पाणी खळाळत खाली धावलं. बेडकीने उडी मारून तिच्या शिंगात कमळ अडकवलं आणि भाषण सुरू केलं. मग तिची जाऊ बोलली, मग नणंद, मग सगळं सासर. चांदरी मान डोलवत उभीच.

दिवस मावळला तेव्हा गोठ्याकडे निघताना तिने विचारलं, "झालं का सगळ्यांचं?"

"छे हो, माहेरचे बाकी आहेत," बेडकी म्हणाली आणि हळूच जावेकडे वळली. "ओढ्याच्या खालपर्यंत सगळ्यांना सांग बाई. उद्या सकाळी परत सत्कार आहे. बोलता येवो न येवो, यायचंच."