हंसावळीचे डाळिंब

एका राज्यात ठेवीला शाप लागला होता. एकाने दुसऱ्याच्या हाती काही सांभाळायला दिले, की ते दगड होई. बियाणे दगड झाले, दागिने दगड झाले. शेजारणीच्या कडेवर मूल द्यायला आया भिऊ लागल्या. बारा वर्षे हे चालले, कारण कोणाला कळेना. पाप एकाचे आणि जाच साऱ्यांना, शापाची खोडच वाईट.

कारण एका बागेत होते. वैद्य गुणाकराने मरताना आपल्या सहा वर्षांच्या, आईवेगळ्या लेकीसाठी, हंसावळीसाठी, डाळिंबाचे एक झाड मागे ठेवले. त्याला वर्षाला एकच फळ येई. ते खाणाऱ्याला वर्षभर पुरे: आजाऱ्याला प्राण, आंधळ्याला दृष्टी. लेकीची नजर मंदावत चालली होती. गुणाकराने बागेची किल्ली मेहुण्याला, वज्रसेनाला दिली. म्हणाला, "झाड तिचं. तुम्ही फक्त राखणदार."

त्याच वर्षी वज्रसेनाची बायको सुलक्षणा अंथरुणाला खिळली. त्याने फळ तोडले आणि औषध म्हणून तिला चारले. पुढल्या वर्षीही चारले. भाचीला सांगितले, झाडाला फळच धरत नाही. सुलक्षणा हिंडूफिरू लागली, हंसावळी आंधळी झाली. मामीच तिचा हात धरून तिला अंगणात फिरवी. बिचारीला यातले काही ठाऊक नव्हते.

हंसावळी अठरा वर्षांची झाली तेव्हा बागेतला भारद्वाज पक्षी तिच्या खिडकीत येऊन म्हणाला, "झाड दरसाल फळतं." त्याच्या आवाजामागे चालत ती डोंगरावरच्या उच्च न्यायसभेत गेली.

तिथले न्यायाधीश शीलभद्र आपली सावली दाराबाहेर खुंटीला टांगून मगच आसनावर बसत. न्याय करताना आपले असे काही सोबत नको, ही तिथली रीत. त्यांनी वज्रसेनाला यंदाचे फळ घेऊन बोलावले. तो बायकोसह आला.

"महाराज, झाड जसंच्या तसं आहे," तो म्हणाला. "एक फांदी वाळू दिली नाही."

"आणि फळं?"

वज्रसेनाने मान खाली घातली. "हिला दिली. ही मरत होती, महाराज. लोभ नव्हता."

सुलक्षणाने तोंडावर पदर घेतला.

"लोभ नव्हता, हे मानलं," शीलभद्र म्हणाले. "पण आपलं माणूस आणि दुसऱ्याचं फळ यांत निवड करणं राखणदाराच्या हाती नसतं. तीन गोष्टी कर. खरं सांग, ते सांगितलंस. किल्ली दे. लाभ परत कर."

वज्रसेनाने किल्ली भाचीच्या हातात ठेवली. मग म्हणाला, "बारा वर्षांचं आयुष्य परत कसं करू?"

"करता येणार नाही. म्हणूनच घ्यायचं नव्हतं."

तेव्हा हंसावळी बोलली. "मामा, मागितलं असतंत, तर मी दिलं असतं."

तिने चाचपत मामीचा हात धरला.

"झाली ती वर्षं मी मामींना सोडली," ती म्हणाली.

"हक्कदाराने सोडली, न्यायसभेला मान्य. यंदाचं फळही तुझं. कोणाला द्यायचं ते तू ठरव."

"मामींना."

"नको गं," सुलक्षणा म्हणाली. "तुझ्या डोळ्यांचा घास मी नकळत खाल्ला. आता कळल्यावर गळ्याखाली उतरायचा नाही. खा, पोरी."

हंसावळीने रडत रडत फळ खाल्ले. तिला पहिल्यांदा दिसला तो मामीचा चेहरा. त्याच घटकेला शाप सुटला. खाली पायऱ्यांवर एका दमलेल्या बाईने विसरून आपले तान्हे अनोळखी बाईच्या ओटीत ठेवले, आणि ते मजेत पाय झाडू लागले.

महिन्याभरात गेल्या वर्षीच्या फळाचा जोर सरला. अखेरच्या दिवशी सुलक्षणाने नवऱ्याचा हात हंसावळीच्या हातात दिला. "हे तुझ्याशी वाईट वागले. तरी तुझ्या हवाली करते."

"सांभाळीन, मामी."

आणि तिने सांभाळले. सुलक्षणा गेली त्या दिवशी वज्रसेन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भाचीने ताट पुढे सरकवले तेव्हा चार घास खाल्ले. तिच्या डोळ्यांकडे मात्र त्याने मरेपर्यंत मान वर करून पाहिले नाही.