पाणवठा कुणाचा?

फार जुनी गोष्ट. तेव्हा रानातली पिल्लं टिटवीबाईंकडे शिकायला जात. एकदा बाईंनी विचारलं, "आपला पाणवठा गाळानं भरलाय. तो साफ कुणी करायचा?"

साळिंदराच्या पोरीला, काटकीला, तो प्रश्न चैन पडू देईना. ती सगळ्यांना विचारत फिरली. भेकर म्हणालं, "पाणी आमचं, गाळ रानाचा." मोर म्हणाला, "मग रानालाच विचार." पण रान म्हणजे कोण, हे कुणालाच सांगता येईना.

"बाई, रान म्हणजे आपणच असू का?" काटकीनं विचारलं. बाईंनी हसून मान डोलावली. पिल्लांनी त्याच दिवशी गाळ उपसायला घेतला.

पाणी नितळ झालं आणि रानडुक्करकाका नेहमीसारखे लोळायला आले. काटकी काटे फुलवून आडवी उभी राहिली. "काका, हे पाणी सगळे पितात!"

"मग मी लोळू कुठं, पोरी? उन्हानं कातडी भाजते माझी."

काटकीचे काटे खाली बसले. हा विचार कुणी केलाच नव्हता. तिनं हळूच विचारलं, "काका, लोळायला जागा कशी लागते हो तुम्हाला?"

दिवस मावळेपर्यंत पाणवठ्याच्या खालच्या अंगाला चिखलाचं एक ऐसपैस डबकं तयार झालं. खणायला सगळ्यांत पुढं काकाच होते.